दुसऱ्या पसंतीची चौकट

मतपत्रिकेवरच्या तिन्ही चौकटींत एकच आकडा होता, पण तिन्ही आकडे सारखे नव्हते. सगळ्यांत खालच्या चौकटीतला १ ठसठशीत होता. पेनाचं टोक कागदात रुतून बसलेलं. सगळ्यांत वरचा त्याहून हलका. मधला तर नुसता ओरखडा, हात उचलता उचलता राहून गेल्यासारखा. कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं असतं तर तिन्हींचा उंचवटा वेगवेगळा हाताला लागला असता. सत्यशीलाने तो उलटा केला नाही.

"बाद," ती म्हणाली आणि कागद डावीकडच्या खाकी पाकिटात टाकला.

समोर बसलेल्या गोपाळकृष्ण लिमयांनी वहीत बादच्या रकान्यात रेघ ओढली. लिमये तिच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. राहायला सदाशिव पेठेत. विश्रांतवाडीच्या या वस्तीत त्यांचं कुणाशी ना नातं, ना वैर, म्हणून मोजणीला साक्षीदार म्हणून तिने त्यांना रिक्षाचं भाडं देऊन आणलं होतं.

"तिघांनाही पहिला नंबर!" लिमये म्हणाले. "बोर्डाचे परीक्षकसुद्धा एवढे दिलदार नसतात हो."

सत्यशीलाने पुढचा कागद उलगडला. तीन रविवार. याच खोलीत, याच फळ्यापुढे उभं राहून तिने तीन रविवार पसंतीक्रमाचं मतदान समजावून सांगितलं होतं. एकोणतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईने, चौथीतल्या मुलाला कळेल अशा भाषेत. मंडईत गेलात, हापूस मागितलात, विक्रेता म्हणाला संपला. मग रिकाम्या हाताने घरी येता का? नाही. पायरी मागता. तर हापूसपुढे १ लिहा, पायरीपुढे २. हापूस असेल तोवर तुमच्या पायरीकडे कुणी बघणारसुद्धा नाही. एवढंच आहे.

एवढंच होतं, आणि तेवढंही यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. एकजण म्हणाला, दोन नंबर लिहिले की मताचे दोन तुकडे होतात. दुसरा म्हणाला, मग तीन पसंत्या लिहिल्या तर तीन मतं मिळतील ना? पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तर दुसरी पसंती देणं म्हणजे पहिलीशी बेइमानी, असं हातातली काठी आपटून सांगितलं होतं. त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हापूस-पायरीवर कुणी वाजवल्या नव्हत्या.

पुढच्या कागदावर वाचनालयापुढे बरोबरची खूण होती. खाली लफ्फेदार सही आणि सहीपुढे 'बी.ए.'

"बाद."

त्यानंतरच्या कागदावर चौकटी कोऱ्या होत्या. समासात लिहिलं होतं : पंख्याचं तेवढं बघा.

"हेही बाद," लिमये हसू दाबत म्हणाले. "मला वाटतं सत्यशीलाबाई, यांना साधं हात वर करायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ही पद्धत यांच्यासाठी नाही."

त्या 'यांना'पाशी सत्यशीलाचा हात थांबला. गेला महिनाभर मनातल्या मनात ती याहून वाईट शब्द वापरत होती. पण ते तिचे होते, आणि ही माणसंही तिची होती.

"सर, मागच्या पदवीधर मतदारसंघात हीच पद्धत होती. तुम्ही काय केलं होतंत? स्टाफरूममध्ये सांगत होतात."

लिमयांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बरोबरची खूण," ते म्हणाले. "आणि खाली सही. सवयीने गेली हो."

"पीएच.डी. लिहिलं होतंत का पुढे?"

"पुढचा कागद घ्या," लिमये म्हणाले.

खोली पंधरा बाय तीसची. तीन भिंतींना लोखंडी कपाटं आणि चौथ्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या बाजूला तथागतांची. सत्यशीलाचे वडील कोंडीराम खडकीच्या कारखान्यात फिटर होते. धर्मांतरानंतर सहा वर्षांनी, वस्तीतल्या वीस घरांकडून महिन्याला आठ आठ आणे गोळा करून त्यांनी हे वाचनालय उभं केलं. पुस्तकांच्या पाठीवरचे पांढरे आकडे त्यांच्याच हातचे. सत्यशीला याच खोलीत कंदिलापाशी बसून बी.एस्सी. झाली. वडील गेल्यावर अध्यक्षपद तिच्याकडे आलं, ते तसंच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी दोन प्रस्ताव आले. पहिला रोहनचा. तो तिचाच विद्यार्थी. आता हिंजवडीला जायचा. कंपनीचं ओळखपत्र तो रविवारीसुद्धा गळ्यातून काढत नसे. त्याला इथे संगणक केंद्र हवं होतं. दुसरा श्यामसुंदरचा. तो रस्त्यांची आणि गटारांची कंत्राटं घ्यायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायचा. त्याला इथे सभागृह बांधायचं होतं, लग्नांसाठी, बारशांसाठी. सत्यशीलाला दोघांचाही सारखाच तिटकारा होता. एकाला पोरांना बसल्या जागी आकडे भरायला शिकवायचं होतं आणि दुसऱ्याला त्यांना जेवायला घालायचं होतं. वाचायला कुणालाच शिकवायचं नव्हतं.

"पुढच्या बैठकीत बघू," ती म्हणाली होती. त्यानंतर अकरा बैठका झाल्या आणि प्रत्येकीत ती हेच म्हणाली. शेवटी सभासद चिडले, तेव्हा तिने ही पद्धत काढली. तीन पर्याय (वर वाचनालय, मधे संगणक केंद्र, खाली सभागृह), पसंतीक्रम, गुप्त मतदान, नऊ नियम टंकलिखित करून. नियम ती करणार, समजावणार ती, निवडणूक अधिकारीही तीच. त्यात आणखी सात महिने गेले.

तिच्या पर्समध्ये एक घडी घातलेला आलेखाचा कागद होता. वाचकांच्या नोंदवहीवरून तिने स्वतः काढलेला. पूर्वी दिवसाला एकतीस वाचक यायचे. आता सरासरी चार पूर्णांक दोन. त्यातले तिघे वर्तमानपत्र चाळायचे आणि पंख्याखाली झोपायचे. हा आलेख तिने अजून कुणालाही दाखवला नव्हता.

"झाली पहिली पसंती," लिमये म्हणाले. "एकूण चव्वेचाळीस. बाद तीन. वैध एक्केचाळीस. जिंकायला एकवीस."

दाराशी उभ्या असलेल्या रोहनने आणि श्यामसुंदरने माना पुढे केल्या. बाकीचे अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. उंबऱ्यावर तुळजाबाई पाय पसरून बसली होती. सत्तरीच्या या म्हातारीला उठवायची आणि 'मोजणीच्या खोलीत बसू नये' हा सहावा नियम सांगायची छाती कुणाची झाली नव्हती.

"सभागृह सोळा. संगणक केंद्र चौदा. वाचनालय अकरा."

"कुणालाही बहुमत नाही," सत्यशीला म्हणाली. आवाज वर्गातलाच होता. "सर्वांत कमी मतं वाचनालयाला. तो पर्याय बाद. आता त्या अकरा कागदांवरची दुसरी पसंती पाहायची आणि ते त्या त्या पर्यायाकडे द्यायचे."

अंगणात कुणी मान वर केली नाही. चहा आला होता.

"आमच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसारखंच आहे हे," रोहन श्यामसुंदरला म्हणाला. "पहिलं कॉलेज नाही मिळालं की दुसरं. मी बावीस कॉलेजं भरली होती. आमच्या सगळ्या पोरांनी तिन्ही नंबर बरोब्बर टाकलेत, मॅडम. चेक करा."

ते खरं होतं, आणि सत्यशीलाला ते कधीच आवडलं नव्हतं. ज्यांच्यासाठी तिने फळा भरला नव्हता त्यांनाच ते आधीपासून येत होतं. बाविसाव्या पसंतीवरही खूश होणारी पिढी, असं ती स्टाफरूममध्ये म्हणायची.

अकरा कागद. लिमये एकेक उचलून वाचत होते आणि ती दोन ढिगांत ठेवत होती.

"संगणक. संगणक. सभागृह. संगणक. हे... काठीवाले पोस्टातले काका असावेत, अक्षर बघा काय वळणदार. यांनी दिली की दुसरी पसंती! सभागृह."

श्यामसुंदर हसला.

"संगणक. सभागृह. संगणक. सभागृह. संगणक." लिमयांनी शेवटचा कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आणि हा बघा एक महाभाग."

सत्यशीलाने कागद हातात घेतला नाही. तिला तो टेबलापलीकडूनही ओळखू आला. वरच्या चौकटीत १. शेपूट सरळ, पट्टीने आखल्यासारखी. खालच्या दोन चौकटी स्वच्छ, कोऱ्या.

"हापूस नाही तर उपाशी राहीन," लिमये म्हणाले. "तुमचे तीन रविवार फुकट गेलेले इथे दिसतात बघा. सही करणारा परवडला, तो बिचारा अडाणी तरी आहे. हा कोण शहाणा?"

"गुप्त मतदान आहे, सर."

"नाही, मी आपलं म्हटलं. एवढं नीटनेटकं अक्षर, आणि अक्कल ही अशी."

कपाटामागच्या आडोशाला सकाळी ती पेन हातात घेऊन बराच वेळ उभी होती. नजरेसमोर ३४७, ३४८, ३४९ असे वडिलांच्या हातचे आकडे. ३४८ मधला आठ त्यांनी नेहमीसारखा दोन गोल एकावर एक ठेवून काढलेला. २ लिहायचा म्हणजे वाचनालय पडलं हे आपल्या हाताने लिहायचं. वाचनालय शेवटून पहिलं येणारच नाही, मग दुसऱ्या पसंतीचा प्रश्नच कुठे येतो, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पर्समधला आलेख तेव्हा खांद्यालाच लटकत होता. आणि बाहेर कुणीतरी खोकून "ताई, झालं का?" असं विचारलं होतं, म्हणून तिने घडी घातली होती.

"या कागदावर पुढची पसंती नाही," ती म्हणाली. "तो मोजणीतून बाहेर. बाजूला ठेवा."

लिमयांनी बेरीज केली. मग तीच बेरीज पुन्हा खालून वर केली.

"सभागृह सोळा अधिक चार, वीस. संगणक चौदा अधिक सहा, वीस." त्यांनी पेन खाली ठेवलं. "घ्या!"

"म्हणजे?" श्यामसुंदर पहिल्यांदाच न हसता म्हणाला.

"म्हणजे टाय," रोहन म्हणाला. "त्या एका येड्याने सेकंड प्रेफरन्स टाकला असता तर आत्ता रिझल्ट लागला असता."

सत्यशीलाने टेबलावरच्या टाचण्या डबीत भरल्या. एक खाली पडली ती वाकून उचलली.

"चिठ्ठ्या टाका की, ताई," श्यामसुंदर म्हणाला. "तुळजामावशीला उचलू द्या एक. मावशीचा हात गुणाचा आहे. मला मंजूर."

"चिठ्ठ्या नाहीत. नियम नऊ."

"काय आहे नियम नऊ?"

वस्तीतल्या एकाही सभासदाने नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचला नसणार, याची तिला खात्री होती. ती खरी ठरल्याचं समाधान मात्र आज वाटेना. तो नियम रोहननेच वाचून दाखवला. "'समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकण्यात येणार नाही. निवडणूक अधिकारी आपला निर्णय त्याच बैठकीत तोंडी जाहीर करतील व तो अंतिम राहील.'"

नियम लिहिताना तिच्या मनात होतं, चिठ्ठी म्हणजे अक्कल गहाण ठेवणं. तशी वेळ येणारच नाही, हेही मनात होतं. त्यामुळे ते वाक्य लिहायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं.

"मग प्रश्नच मिटला," रोहन म्हणाला. त्याने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. तुम्हाला सांगायला नको जग कुठे चाललंय ते. इथली पोरं अजून सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देतात."

"आणि तीन वर्षांनी तू अमेरिकेत," श्यामसुंदर म्हणाला. "मशिनीवर धूळ बसल्यावर पुसायला येणार का? सभागृहाला धूळ बसत नाही भावा. माणसं बसतात."

"तुमचं काय, दोन्हीकडून कंत्राट तुम्हालाच."

"अरे, पण ताई ठरवतील ना!" आणि तो पुन्हा हसला. त्याच्या काखेत पेढ्यांचा पुडा होता. दोरी सुटून आलेली. हा माणूस निकालाआधी पेढे घेऊन आला होता आणि तो लपवायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

उत्तर सोपं होतं. संगणक. कुणीही शिकलेला माणूस हेच म्हणाला असता. लिमयेही तिच्याकडे त्याच अपेक्षेने बघत होते, आटोपलं की रिक्षा कुठे मिळेल हे विचारण्याच्या बेतात. तिने तोंड उघडलं, आणि नजर उंबऱ्याकडे गेली.

तुळजाबाई आत बघतच नव्हती. बशीत चहा ओतून ती तो फुंकत होती.

तिसऱ्या रविवारी सत्यशीलाचा तोल गेला होता तो हिच्यावरच. सरावाच्या कागदावर हिने तिन्हीकडे १ लिहिला होता, तेव्हा सत्यशीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मावशी, दोन आणि तीन हे आकडे येत नाहीत का तुम्हाला?"

खोली हसली होती. तुळजाबाईही हसली होती.

"येत्यात की गं सत्या. तीस वर्सं मार्केट यार्डात कांदाच निवडला म्या. एक नंबर, दोन नंबर, बारकी ती गोल्टी. डोळं मिटून हातावर सांगंन."

"मग लिहा की तसे."

"कांद्याला लावते. शेजाऱ्याला कसा लावू? रोहन्याला जल्मल्या जल्मल्या पयल्यांदा म्या न्हाऊ घातलं. शामची आई गेली तवा तिला लुगडं म्या नेसवलं. आन् ह्ये तुज्या बापाचं. यातलं गोल्टी कुनाला म्हनू? पंगतीत बसल्यावर दोन नंबरची भाकर कुनाला वाढू?"

"इथे माणसांना नाही, पर्यायांना नंबर द्यायचा आहे," सत्यशीला म्हणाली होती आणि फळा पुसायला वळली होती. तिच्या पाठीमागे म्हातारी कुणाला तरी सांगत होती, नातीच्या लग्नाची गोष्ट. मांडव रस्त्यातच, दुसरीकडे जागाच नाही. पंगत बसली आणि पाण्याचा टँकर आला. ताटं उचला, टँकर जाऊ द्या, पुन्हा बसा. मग दुसरा टँकर. मग कुठल्यातरी साहेबाची गाडी. तीनदा पंगत उठवली. व्याही म्हणाले, आम्ही घरी जाऊनच जेवतो. सत्यशीलाने तेव्हा खडू वाजवून म्हटलं होतं, "शांतता."

आज सकाळी मतपेटीत कागद टाकल्यावरही तुळजाबाईने तिला हाक मारून सांगितलं होतं, "समद्यास्नी एक एक दिला गं. रागावू नगं."

सत्यशीलाने खाकी पाकीट ओढून जवळ घेतलं.

"बाद मतं परत मोजायची नसतात," लिमये म्हणाले.

"मोजत नाही."

तिने वरून तिसरा कागद काढला, टेबलावर उलटा ठेवला आणि अंगठा पाठीवरून हळूहळू खाली नेला. वर एक मंद रेघ. मधे जवळजवळ काही नाही. खाली मात्र कागद इतका उठला होता, की अंगठा अडखळला. तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. प्रात्यक्षिकांत दोनदा मोजल्याशिवाय ती कधी आकडा लिहीत नसे. कांदा निवडणाऱ्या हाताने तिन्ही पोरांना एक-एक दिला होता, आणि हाताला जे माहीत होतं तेही लपवता आलं नव्हतं.

शेजारीच, बाजूला ठेवलेल्या कागदावर खालच्या दोन चौकटी कोऱ्या होत्या. त्या कागदाची पाठ तिने चाचपली नाही.

"सत्यशीलाबाई," लिमये हळू आवाजात म्हणाले, "एवढा विचार करण्यासारखं काय आहे त्यात?"

"काही नाही, सर."

तिने दोन्ही कागद पाकिटात घातले. मग पर्समधून आलेख काढला, घडी न उलगडता तोही आत सरकवला, पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली आणि वर तारीख घालून सही केली. श्यामसुंदरने पुडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. त्याच्याकडे बघून तिला आजही तेवढाच वैताग आला, आणि तो तसाच राहू देऊन ती उठली.

"सभागृह," ती म्हणाली.

रोहनचा हात ओळखपत्राच्या दोरीत अडकून राहिला. लिमयांनी वहीतून मान वर केली.

उंबऱ्यावरून तुळजाबाईने बशी खाली ठेवली आणि कानामागे हात धरला. "काय म्हनली? म्हातारीला ऐकू येईल असं बोल की गं."

सत्यशीला दारापर्यंत गेली. तिच्या मागे कपाटं होती, पुढे सगळी वस्ती.

"वाचनालय बंद करतेय, मावशी," ती मोठ्याने म्हणाली. "इथे सभागृह होऊ द्या."